डावीकडची ओढ

ऑक्साइड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर व्हर्नानं ब्रेक लावला तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या भावाच्या, अर्विन चेनहॉलच्या मांडीवर जेवणाचे सात डबे होते आणि मनात विशेष काही नव्हतं. तो समोर बघत होता. समोर बघणं म्हणजे त्याच्या बाबतीत काहीच न बघणं. गेली चार वर्षं त्याच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग वाढत आला होता, आणि ज्याच्याकडे सरळ बघावं ते नेमकं त्या डागात जायचं. माणसाचं तोंड, पुस्तकातला शब्द, घड्याळाचे काटे. कडेचं मात्र सगळं दिसायचं, पूर्वीपेक्षाही नीट. म्हणून तर त्याला ते दिसलं. बहिणीचा उजवा हात स्टिअरिंगवर दोन बोटं खाली सरकला. मग तिचा पाय ब्रेकवर पडला, गाडी थांबली, डबे एकमेकांवर आपटले आणि रश्श्याचा वास आला. एक ट्रक आडवा गेला. व्हर्ना म्हणाली, "झाकणं बघ रे. बर्टचा डबा सांडला तर तो आठवडाभर बोलून दाखवेल." अर्विननं झाकणं चाचपली. ती घट्ट होती. पण हात आधी सरकला होता. ब्रेक नंतर.

अडतीस वर्षं त्यानं या गावात गाड्यांची चाकं सरळ केली होती. गिऱ्हाईक म्हणायचं, गाडी एका बाजूला ओढतेय. मग अर्विन त्याच्या शेजारी बसून रेसकोर्सच्या रस्त्यापर्यंत जाऊन यायचा, आणि सगळा वेळ रस्त्याकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायचा. ब्रेकच्या आधी जो उजवा हात खाली सरकून स्टिअरिंग उजवीकडे वळवतो, त्याला माहीत असतं की आता गाडी डावीकडे जाणार. ती जायच्या आत तो तिला आवरतो, आणि आवरतो म्हणून ती जात नाही, आणि जात नाही म्हणून शेजारी बसलेल्याला काही कळत नाही. चालवणाऱ्यालाही कळत नाही. हात आपला आपण शिकतो, कुणाला विचारत नाही. गेली दोन वर्षं, स्वतःचा परवाना परत केल्यापासून, अर्विन दर मंगळवारी आणि गुरुवारी याच सीटवर बसून म्हाताऱ्यांना डबे पोचवायला बहिणीबरोबर जात होता. हे आज दिसलं. मग इतके दिवस काय दिसत होतं? की दिसत असूनही आपण बघत नव्हतो? अर्विनला स्वतःबद्दल असे प्रश्न पडायला फारसं निमित्त लागत नसे. नळ बंद केला की नाही हे बघायला तो फाटकातून परत जायचा. कुणाला पत्र लिहिलं तर पेटीत टाकायच्या आधी दोनदा उघडून वाचायचा. उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. चाक सरळ आहे असं त्यानं म्हटलं की ते सरळ असायचं. आणि तीन आठवड्यांपूर्वी नेमकं तेच त्यानं ट्रेव्हरला फोनवर सांगितलं होतं.

ट्रेव्हर व्हर्नाचा मुलगा, अ‍ॅडलेडला असतो. ईस्टरला येऊन गेला तेव्हा आईच्या शेजारी बसला होता, आणि त्यानं बघितलं की तिची गाडी मधली पांढरी रेघ ओलांडून जाते, मग दचकून परत येते. नंतर ते कुत्र्याचं झालं. कोबाल्ट स्ट्रीटवर एकाएकी कुत्रं आडवं आलं, व्हर्नानं जोरात ब्रेक दाबला, आणि गाडी डावीकडे फुटपाथवर चढून कुणाची तरी पत्रपेटी घेऊन थांबली. कुत्रं वाचलं. पत्रपेटी अर्विननं दुसऱ्या दिवशी नवी बसवून दिली. "मामा, खरं सांग," ट्रेव्हर म्हणाला होता, "गाडी का आई?" अर्विननं त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले. दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून, पोलादी पट्टी चाकाला लावून, आकडे दिसेनात म्हणून नखानं रेघा मोजत त्यानं सगळी मापं घेतली, पुन्हा घेतली. पुढची दोन्ही चाकं अगदी जिथं असायला हवीत तिथं होती. "गाडीत काही नाही, ट्रेव्हर," त्यानं सांगितलं होतं, "मी स्वतः दोरी लावून बघितलं." ट्रेव्हर मग म्हणाला, "तू म्हणतोस म्हणजे प्रश्नच मिटला." दुसऱ्या आठवड्यात त्यानं आपल्या घराजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत आईसाठी खोली बघून ठेवली. पंच्याऐंशी झाल्यावर गाडी चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. व्हर्नाची या शुक्रवारी होती. पास झाली तर इथं, नापास झाली तर तिथं, असं आई-मुलाचं ठरलं होतं, आणि त्या ठरण्यात अर्विनला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं ते विचारून झालं होतं.

"झोपलास का?" व्हर्ना म्हणाली. बर्ट पॅस्कोचं घर आलं होतं. खाणीत छाती घालवून बसलेला बर्ट व्हरांड्यात वाटच बघत होता. "आज पण मटण?" त्यानं तिथूनच विचारलं.

"मटण, आणि चीज घातलेली कोबीची कोशिंबीर."

"मटण चामड्यासारखं असतं तुमचं."

"बर्ट, तू एकोणऐंशीचा, मी पंच्याऐंशीची. मी तुला डबा आणून द्यायचा, वर तुझी कुरकुर ऐकायची. सांग बघू, म्हातारं कोण?"

"शुक्रवारी कळेल की. नापास झालीस तर डबा कोण आणणार? ती बाहेरची बाई?" बाहेरची बाई तीस वर्षांपूर्वी मेलबर्नहून गावात आली होती. "तिच्या हातचं गरम अन्नसुद्धा थंड लागतं मला. पास हो, बाई. काही लटपट कर, पण पास हो." मग त्यानं अर्विनकडे वळून आवाज उगीच खाली आणला. "हिला जरा सांग, मधोमध चालव म्हणावं. तुझं ऐकेल ती."

अर्विननं मान हलवली. त्याला बर्टचं तोंड दिसत नव्हतं. कडेनं व्हरांड्याचा पत्रा, त्यावरची लाल धूळ आणि बहिणीचा डावा हात दिसत होता, डब्याच्या झाकणावर ठेवलेला, शिरा वर आलेला, अगदी निर्दोष. उरलेली सहा घरं होईपर्यंत त्यानं ब्रेक मोजले. तेवीस. तेवीसातल्या एकवीस वेळा हात आधी सरकला. याशिवाय दोनदा पाय ब्रेककडे जाऊन परत आला, कारण थांबायची गरज पडली नाही. त्या दोन्ही वेळा हात मात्र सरकून बसला होता आणि गाडी उजवीकडे, पांढऱ्या रेघेवर गेली. ट्रेव्हरनं बघितलं होतं ते हेच. आणि कुत्र्याच्या वेळी हाताला आधी सरकायला वेळच मिळाला नव्हता. त्या रात्री अर्विन अंथरुणात पडून हिशेब जुळवत राहिला. दोरी उभ्या गाडीला लावतात. उभी गाडी सरळ उभी होती. मग जे वाकडं होत होतं ते ब्रेक लागतानाच होत होतं, आणि ब्रेक सुटला की पुन्हा आपल्या जागी येऊन शहाण्यासारखं बसत होतं. असं करू शकणारी वस्तू गाडीत एकच असते. चाक ज्या लोखंडी आर्मवर तोललेलं असतं, तो आर्म गाडीला जिथं जोडतात तिथं मुठीएवढा रबराचा बुश असतो. तो फाटला की चाकाला मागं सरकायला जागा मिळते. आणि व्हर्नाच्या गाडीचे बुश कुणी बसवले होते ते आठवायला त्याला आठवावं लागलं नाही.

सहा वर्षांपूर्वीचा जुलै. सकाळी नळाच्या पाण्यानं बोटं बधिर व्हायची. गॅरेज तेव्हा त्याच्याच हाताखाली शिकलेल्या ल्युबाला देऊन झालं होतं, पण बहिणीची गाडी तो स्वतःच करायचा, दुपारी ल्युबाची लिफ्ट मोकळी असली की. पुढच्या दोन्ही आर्मचे बुश नवे. गाडी वर, चाकं लोंबकळती, आर्म खाली झुकलेले. या रबराचं एक असतं. ते आतल्या-बाहेरच्या दोन्ही लोखंडांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. म्हणून त्याचा बोल्ट आवळायचा तो गाडी खाली आणून, तिचं वजन तिच्या पायांवर आल्यावर. ज्या अवस्थेत रबरानं पुढं जन्म काढायचा त्या अवस्थेत ते सैल असलं पाहिजे. हवेत आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि मग उभं राहताना पिळलेलं, चालताना पिळलेलं; बोलत काही नाही. मापं बरोबर येतात. आणि एका बाजूनं ते आतल्या आत फाटत जातं. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला अर्विननं पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं, ल्युबालाही. त्या दिवशी त्यानं बोल्ट घातले, आणि इस्पितळातून फोन आला की बायकोला, डल्सीला, जास्त वाटतंय, येऊन जा. गाडी तशीच बोल्ट सैल सोडून जाणं त्याच्या हातून होईना. कुणी चुकून खाली घेऊन चालवली तर? म्हणून त्यानं वरच्या वर सगळे बोल्ट आवळले. आल्यावर सैल करू, खाली घेऊन पुन्हा आवळू. पाना हातातून खाली पडला तो त्यानं उचललासुद्धा नाही. इस्पितळात डल्सीनं डोळे मिटलेलेच ठेवून नाकानं त्याच्या हातांचा ग्रीसचा वास घेतला आणि विचारलं, "कुणाची?" "व्हर्नाची." "काम पुरं केलंस ना?" तो म्हणाला, "हो." ती हसली. काम अर्धं टाकून आलेला नवरा तिला चालला नसता, निदान तिचं तसं म्हणणं असायचं. जेवणाच्या टेबलावर चाळीस वर्षं ती त्याची वाट बघत थंड बटाटे खात आली होती आणि त्याबद्दल लोकांत कौतुकानं बोलायची. मग अकरा दिवस, डल्सी जाईपर्यंत, तो तिच्या उशाच्या खुर्चीतून फारसा उठला नाही. फोन आला त्याच संध्याकाळी ल्युबानं गाडी व्हर्नाच्या दारात नेऊन लावली होती. बोल्ट आवळलेले होते. तिनं तरी शंका का घ्यावी? आवळणारा कोण होता!

बुधवारी त्यानं बहिणीला गाडी आपल्या शेडमध्ये आणायला लावली, पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवायला लावली आणि पाठीवर सरकत आत गेला. व्हर्ना उपड्या खोक्यावर बसून पाय हलवत राहिली. डोळ्यांचा उपयोग नव्हताच. त्यानं छोटी पहार आर्मच्या मागं घालून रेटली आणि दुसऱ्या हाताचं बोट रबरावर ठेवलं. उजवा बुश थोडा कण्हला आणि परत आला. डावा उघडला. बोटाचं अख्खं पेर आत गेलं. आतून रबर मऊ, कोमट, तुकड्यातुकड्यांचं लागलं, आणि पहार सोडली तेव्हा ते हलकेच बोटावर मिटलं. डावाच जाणार होता. रस्त्याचे सगळे खड्डे डाव्या काठाला, मेनिंडीच्या कच्च्या रस्त्यावरच्या लाटाही डाव्या चाकाला जास्त लागतात. तो तसाच पडून राहिला.

"आहेस ना अजून?" व्हर्ना वरून म्हणाली. "की उद्या डबे एकटीनंच वाटू?"

"व्हर्ना, तुझी गाडी डावीकडे ओढते. ब्रेक लावलास की."

"नाही ओढत."

"ओढते. तू उजवीकडे वळवतेस, म्हणून कळत नाही."

"मी कशाला वळवू?"

मग त्यानं सगळं सांगितलं, गाडीखालून, तिचे फक्त बूट दिसत असताना. बोल्ट, फोन, डल्सीचा प्रश्न. ट्रेव्हरचा फोनही सांगितला. आधी बोल्टचं सांगावं की फोनचं, याचा त्यानं रात्रभर विचार केला होता आणि ऐनवेळी दोन्ही एकदमच बाहेर आलं. बूट हलायचे थांबले.

"म्हणजे माझ्या पोरानं तुला विचारलं," व्हर्ना सावकाश म्हणाली, "आणि तू सांगितलंस की गाडी शहाणी आहे."

"हो."

"म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलंय."

"तसं नाही म्हटलं मी."

"दुसरं उरलं काय मग?" ती उठली. शेडच्या दारापर्यंत गेल्याचं आवाजावरून कळलं. तिथं ती बराच वेळ उभी होती. अर्विन छातीवर पहार धरून पडला होता आणि त्याला वाटत होतं, ती चालत घरी जाईल. दोन गल्ल्या तर आहेत. ती परत आली. "बाहेर ये," ती म्हणाली. "तसा पडून बोलू नकोस, मेल्यासारखा वाटतोस." तो बाहेर आला. ती त्याच्या पाठीवरची धूळ झटकायला लागली, जरा जास्तच जोरानं. "त्या दिवशी डल्सीला तिथं ठेवून तू माझ्या गाडीचे बोल्ट आवळत बसला असतास ना, तर मी तुला लाथ घालून हाकललं असतं. ते मी धरत नाही. पण ट्रेव्हरला सांगायच्या आधी मला विचारायचं होतंस. गाडी मी चालवते रे! दोरीला काय विचारत बसलास?"

ल्युबानं गुरुवारी दुपारी, डबे वाटून झाल्यावर, बाकीची कामं मागं टाकून दोन्ही बुश बदलले. ती चाळिशीची, दणकट, तोंडाची फटकळ. काढलेला डावा बुश तिनं अर्विनच्या तळहातावर ठेवला आणि लगेच नवा उचलला. नवे बोल्ट घालून तिनं गाडी खाली घेतली, चाकांवर उभी केली, पुढून दोनदा दाबून हलवली, आणि मग आडवी होऊन पाना लावला. "बॉस, बघा हं," ती खालून ओरडली, "जमिनीवर आवळतेय. नाहीतर म्हणाल, पोरीला कुणी शिकवलं नाही." "गप आवळ," अर्विन म्हणाला. तिच्या यंत्रानं मापं दाखवली; सरळ. त्याच्या दोरीनंही तीच दाखवली असती. मग ल्युबा मागं बसली, तो पुढं डावीकडे, आणि व्हर्ना गाडी रस्त्यावर घेऊन निघाली. पहिल्याच ब्रेकला गाडी उजवीकडे गेली. दुसऱ्याला पांढरी रेघ चाकाखाली आली. तिसऱ्या वेळी समोरच्यानं हॉर्न वाजवला आणि ल्युबा मागून म्हणाली, "अगं आई गं." व्हर्नानं गाडी कडेला घेतली.  अर्विनला ते कळायला हवं होतं. अडतीस वर्षांत गिऱ्हाइकांना तो सांगत आला होता की आठवडाभर जरा जपून, हाताला नवी सवय लागू दे. आठवडा! परीक्षा उद्या सव्वादहाला होती. डावीकडची ओढ गेली होती आणि तिला सहा वर्षं आवरणारा हात मात्र होता तिथंच होता, प्रत्येक ब्रेकच्या आधी इमानानं दोन बोटं खाली सरकत.

"जुना परत घालू?" ल्युबा म्हणाली. "थट्टा नाही करत. कचऱ्यात नाही टाकलेला अजून, बॉसकडेच आहे. फाटक्या रबरावर ही उद्या बाणासारखी सरळ जाईल. पास झाली की शनिवारी परत नवा."

अर्विनच्या मनात ते तिच्या आधीच येऊन गेलं होतं. तो बुश त्याच्या कोटाच्या खिशात होता, का ठेवला ते माहीत नाही. एक दिवस. एवढा एकच दिवस ते पिळलेलं रबर होतं तसं राहू दिलं तर ती अ‍ॅडलेडला जात नाही. ती गेली तर मंगळवार नाही, गुरुवार नाही. मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवायला कुणी नाही, आणि "झोपलास का" असं विचारायलाही कुणी नाही. ही ओढ तिच्यासाठी आहे की आपल्यासाठी, हे त्याला ठरवता येईना. तो 'घाल' म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं.

"आणि परीक्षेत कुत्रं आडवं आलं तर?" व्हर्ना म्हणाली. "कुत्रं नको, पोर आलं तर? नाही. जे बसवलंय ते बसवलंय." मग ती भावाकडे वळली. "तू सांग. हाताचं काय करू?"

ल्युबाला गॅरेजवर उतरवून ती दोघं रेसकोर्सच्या रस्त्यावर गेली. ऊन उतरायला दीड-दोन तास होते. त्यानंतर कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा त्याआधी परतायला हवं होतं. रस्ता सरळ, रिकामा, दोन्हीकडे निळसर झुडपं. गाडीची ओढ बघायची तर जाणकार माणूस काय करतो ते अर्विननं तिला सांगितलं: साठचा वेग घे, आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग सोडून दे.

"सोडू?"

"सोड. दोन्ही हात."

"पासष्ट वर्षांत मी स्टिअरिंग सोडलेलं नाही."

"माहीत आहे."

पहिल्या वेळी हात सुटले आणि लगेच परत चिकटले. दुसऱ्या वेळीही. अर्विन सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा व्हर्ना अठराची होती. शाळेत सोडताना आर्जेंट स्ट्रीट ओलांडायची वेळ आली की ती त्याचं मनगट धरायची. हात नाही, मनगट. इतकं घट्ट की पलीकडे गेल्यावरही तिच्या बोटांचे पांढरे वळ काही वेळ दिसत. वर्गातली पोरं चिडवायची. तो मोठा झाला, बारा वर्षांचा झाला, तरी ती धरायची, आणि एकदा त्यानं हिसडा देऊन सोडवून घेतलं तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध अशी उभी राहिली की जणू तिचंच कुणी काहीतरी काढून घेतलंय. तो पलीकडून हाका मारत राहिला. ते त्याला आज कळत होतं असं नाही. फक्त आठवलं. "व्हर्ना," तो म्हणाला, "काही झालं तर मी डावीकडे बसलोय. स्टिअरिंगला माझा हात पुरतो." पुरत नव्हता, पुरला असता तरी त्याला रस्ता दिसला नसता. तिलाही ते माहीत होतं. ती हसली, "तू? आंधळ्या?" आणि हसताहसताच तिनं ब्रेक दाबला. तिचे दोन्ही हात वर हवेत होते, कुणी पिस्तूल रोखल्यासारखे. गाडी कुठंही न वळता, सरळ, हळू होत होत थांबली. इंजिन चालू होतं. हात वरच होते.

"ही माझी गाडीच नाही," ती म्हणाली.

"तुझीच आहे."

"सहा वर्षं मी हिला आवरत होते?"

"हो."

तिनं हात मांडीवर आणले आणि ते उलटे करून बघितले. "संध्याकाळी खांदा दुखायचा. मी म्हणायचे, झालं, आलं म्हातारपण. ट्रेव्हर म्हणाला खोली बघतो, तेव्हा मी भांडलेसुद्धा नाही. तुला वाटलं असेल मी भांडले. मीच त्याला म्हटलं, बघून ठेव. पत्रपेटीच्या दिवशी मला वाटलं, माझ्या हातून कुणीतरी मरणार आहे." ती रडत होती की काय ते अर्विनला दिसत नव्हतं, आणि कडेनं बघायचा त्याला धीर झाला नाही. त्यानं खिसे चाचपले. रुमालाऐवजी हाताला बुश लागला. "अजून किती वेळा?" तिनं नाक ओढून विचारलं. "हात सरकायचा थांबेपर्यंत," तो म्हणाला. सूर्य झुडपांना टेकेपर्यंत तिनं चाळीस वेळा ब्रेक लावला. शेवटच्या अकरा वेळांत, स्टिअरिंग नुसतं बोटांनी टेकवून धरलेलं असताना, हात एकदाच सरकला.

शुक्रवारी परवाना कार्यालयाबाहेरच्या बाकावर अर्विन एकटा बसला होता. आतून एक माणूस येऊन, नाव विचारून, व्हर्नाच्या शेजारी जाऊन बसला होता. गाडी कोपऱ्यावर वळल्याचं त्यानं ऐकलं, ब्रेकचा आवाज ऐकला, पण ती वळली कुठं ते आवाजावरून कळेना. त्यानं फोन काढला. ट्रेव्हरचा नंबर व्हर्नानं त्याला एकाच बटणावर लावून दिला होता.

"मामा? झाली परीक्षा?"

"चालू आहे. ट्रेव्हर, मी तुला जे सांगितलं ते चूक होतं." त्यानं सगळं सांगितलं. सांगताना लक्षात आलं की बोल्टचं सांगणं सोपं जातंय. "दोरीवर विसंबलो, तिला विचारलं नाही," हे दोनदा सुरू करावं लागलं.

 मग ट्रेव्हर म्हणाला, "म्हणजे आई ठीक आहे?"

"ते मी नाही सांगू शकत. पंच्याऐंशीची आहे ती. गाडीत दोष होता आणि तो मी घातलेला होता, एवढं सांगतो."

"अरे, मग हे निकाल लागल्यावर नसतं का सांगता आलं?"

"पास झाली असती तर सांगण्यात काय होतं? आणि नापास झाली असती तर..." तो थांबला. "तर माझ्यापायी ती घर सोडून गेली, हे सांगायचा धीर मला झाला नसता, ट्रेव्हर. मला माझी खात्री नाही."

ट्रेव्हर हसला की काय असा एक आवाज आला. "मामा," तो म्हणाला, "ते बोल्टचं तू तिला सांगितलंस तेव्हा ती काय म्हणाली?"

"लाथ घातली असती म्हणाली."

"म्हणजे ठीक आहे ती," ट्रेव्हर म्हणाला. "खोलीवाल्यांना मी आज काही कळवत नाही. संध्याकाळी तिलाच फोन करतो."

गाडी परत आली. दारं उघडली, मिटली. तो माणूस काहीतरी म्हणाला, व्हर्नाही काहीतरी म्हणाली, पावलं आत गेली. मग पुष्कळ वेळ काही झालं नाही. एका बाईच्या कुत्र्यानं अर्विनचा बूट हुंगला. शेवटी बहीण त्याच्या शेजारी येऊन बसली, जड, श्वास टाकत, आणि तिच्या हातात कागद वाजला. त्यानं विचारलं नाही. 

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षांनी पुन्हा यायचं. तेव्हा मी सत्त्याऐंशीची. तू काय घोळ घालून ठेवतोस बघू."

अर्विननं मान हलवली. त्याला ती हलवायची थांबवता येईना.

"खाली शेरा लिहिलाय त्यानं. ऐकणार?" तिनं कागद लांब धरला. "'ब्रेक लावताना चालक स्टिअरिंगवरील पकड विनाकारण सैल करते. दोन्ही हातांनी घट्ट धरण्याची सवय लावावी.'" ती थांबली. "आता सांगा तुम्ही दोघं मिळून, तू आणि तो. धरू का सोडू?"

"पुन्हा वाच," अर्विन म्हणाला.

तिनं पुन्हा वाचलं, सरकारी आवाजात, एकेक शब्द तोडून. कुत्रेवाली बाई वळून बघायला लागली. तिसऱ्यांदा मात्र त्यानं सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून वाचलं.